आसगावची चढाई

आमचे जावई बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, पन्नाशीला टेकलेत, पोट सुटलंय, आणि दर वर्षी डिसेंबर संपत आला की मोबाइलवर एक यादी करायला बसतात. सालभरातले त्यांचे आवडते खेळातले क्षण. यंदा अकरा क्षण निघाले आणि दहात बसवायचे म्हणून कुठला गाळावा, या काळजीत त्यांनी दोन दिवस नीट जेवण केलं नाही. लेक फोनवर सांगत होती, मला वाटलं तब्येत बिघडली. मग दिवाणखान्यात बसवून त्यांनी मला ते सगळे क्षण एकेक करून दाखवले, तेही सावकाश फिरवून. "आई, हा झेल बघा. अंगावर काटा येतो की नाही?" मी बघितला. सोफ्यावर पाय वर घेऊन, शेंगदाणे सोलत, दुसऱ्याने घेतलेल्या झेलाने ज्याच्या अंगावर काटा येतो, अशा माणसाबद्दल मला काय वाटतं ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. जावई आहेत. मी म्हटलं, छान आहे. या प्रकारची माणसं मी जन्मापासून ओळखते, कारण त्यातल्याच एकाने मला वाढवलं.

माझे बाबा विणकर होते. पवनीत आमच्या आळीत सगळ्यांच्याच घरी माग होते. पुढची खोली मागाची, मागची चुलीची, आणि मधल्या जागेत आम्ही माणसं राहायचो. मागाच्या खोलीत जमिनीत खड्डा होता, त्यात पाय सोडून बाबा बसत, पायाने पावड्या दाबत, एका हाताने आडव्या धाग्याचा धोटा पळवत आणि दुसऱ्या हाताने फणी ठोकून धागा घट्ट बसवत. खट् खट् धप्, खट् खट् धप्. सुताला तांदळाची खळ लावलेली असायची, तिचा आंबूस वास आमच्या केसांनासुद्धा यायचा. वर्गातल्या मुली वासावरून ओळखत. मी दाराजवळ चरख्यावर धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला बसे. शाळेच्या आधी दोन तास, शाळेनंतर दोन तास. आणि भिंतीतल्या कोनाड्यात, जिथे दुसऱ्यांच्या घरी देव असत तिथे, आमचा रेडिओ होता. देव त्याच्या खालच्या फळीवर होते. आईने एकदा अदलाबदल करून पाहिली, तर बाबा म्हणाले, खाली ठेवला की आवाज धरत नाही. देवांच्या आवाजाची अडचण नव्हती.

बाबांनी आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती. चेंडू फेकला असेल तर कुत्र्याला. पण जगात कुठेही क्रिकेटचा सामना असला की ते मागावर बसूनच तो ऐकत, आणि त्यांच्या ऐकण्यात एक खोड होती जी विणकराशिवाय दुसऱ्या कोणाला असूच शकत नाही. सामना रंगला की त्यांची फणी जोरात बसायची. त्यांना कळायचंही नाही. धागा धाग्याला असा भिडायचा की कापडात बोटभर रुंदीचा घट्ट, गडद पट्टा पडे. सामना रटाळ झाला की हात ढिला पडे आणि कापड विरळ होई, पलीकडचं दिसेल इतकं. लुगडं घेऊन गेले की माल घेणारा सेठ ते उजेडासमोर धरून विचारी, "इथं काय झालं?" बाबा त्याला खरंच सांगत, शेवटचा गडी कसा टिकला ते. सेठ लुगडं घडी घालून परत देई. अशी परत आलेली लुगडी आमच्या घरी ढीगभर होती. आम्ही तीच नेसायचो, पांघरायचो, खिडकीला लावायचो. आईच्या अंगावर पाच दिवसांची एक अख्खी कसोटी असे, पदराकडे अनिर्णित होत गेलेली. पावसाळ्यात तिच्यातून वारा जायचा. आई कधी तक्रार करत नसे. ती फक्त झिंगे घालून केलेली वांग्याची भाजी ताटात वाढताना पळी ताटावर जरा जोरात आपटे. तिची फणी ती होती.

दिवाळीत माग तीन दिवस बंद असत, आणि पाडव्याच्या दुपारी आमच्या मागाच्या खोलीत बैठक बसे. शेजारचे देवाजी काका, कोपऱ्यावरचा तुकाराम टेलर आणि आणखी दोघं-तिघं. लाखोरीच्या डाळीचे वडे आणि चहा आतून येत राहत, ते कोण तळतंय याची विचारपूस कोणी करत नसे. परत आलेली लुगडी मध्ये पसरायची आणि सालभरातले सगळ्यांत भारी पाच क्षण ठरवायचे, असा तो कार्यक्रम. कोणी एखादा क्षण सुचवला की बाबा ते लुगडं खिडकीपाशी धरत, पट्टा शोधत आणि त्यावर बोट ठेवून म्हणत, "हा पाह्य. हाये." पट्टा सापडला तर क्षण खरा, नाही सापडला तर बाद. नियम असा कडक होता. कापड खोटं बोलत नाही, असं बाबा म्हणायचे, आणि बाकीचे तोंडात वडा घेऊन माना डोलवायचे. मी कांड्या भरत ऐके. तेव्हा मला ती सगळी माणसं फार मोठी वाटायची, हे इथे लिहून ठेवते. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटायला नको की मी आधीपासूनच शहाणी होते.

त्यांच्यातल्या एकाने, देवाजी काकांनी, प्रत्यक्ष सामना पाहिला होता. नागपूरला जाऊन, रांगेत उभं राहून. त्याचा वृत्तांत ते दर साली देत. "येक घंटा झाला तरी मले समजेच ना का चेंडू कोठी हाये. बाजूचा मानूस उठला का मी उठो, तो बसला का मी बसो. शेवटी भाईर पानठेल्यावर जाऊन रेडिओ आयकला, तवा मालूम पडलं का आपला गडी आउट होऊन गेला. काई दिसत नाई, राजेहो. घरीच बरं दिसते." सगळे हसत आणि सगळ्यांना ते पटे. आज आमचे जावई म्हणतात की मैदानापेक्षा टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं. देवाजी काकांची आठवण येते.

मी आठवीत होते तेव्हा शाळेच्या कबड्डीच्या संघात गेले. मी अंगाने सुकडी, पण दम माझा मोठा होता आणि पाय चपळ. आमची कप्तान बेबी, ढिवराची मुलगी. वडिलांबरोबर नदीत जाळं ओढून तिचे पंजे असे झाले होते की एकदा धरलेली पोरगी सुटत नसे. बेबी धरायची, मी चढाईला जायची. त्या साली पावसाळ्यात आम्ही एकामागून एक शाळा हरवत अंतिम सामन्याला पोचलो. सामना आसगावला, आसगावच्याच मुलींशी, शनिवारी दुपारी. मी बाबांना सांगितलं. सांगायला मला दोन दिवस लागले. मागावरच्या माणसाला कुठल्या दोन ओव्हरांच्या मध्ये गाठायचं ते ठरवावं लागे.

"येतो ना," बाबा म्हणाले. "शनवारी काय काम हाये मले?"

"खरंच येसाल?"

"येतो म्हनलं ना बाई. देवाजीलेही आनतो."

आईने स्वयंपाकघरातून ऐकलं. पळीसुद्धा आपटली नाही, आणि तेव्हाच मला समजायला हवं होतं.

आसगावच्या मैदानावर सकाळी पाऊस पडून गेला होता. चुन्याच्या फक्कीच्या रेघा वाहून गेलेल्या, पीटीच्या बाईंनी पुन्हा मारल्या. कडेने धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या, माणसं बांधावर उभी. मी सामनाभर एक डोळा एस.टी.च्या रस्त्याकडे ठेवून खेळले, ही माझी चूक. दोन गाड्या आल्या, दोन्हीतून दुसरीच माणसं उतरली. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने मागे होतो. बेबी म्हणाली, "दोघीले हात लाव अन् परत ये. रस्त्याकडं पाहू नको." मी गेले. एकीच्या खांद्याला हात लागला, दुसरीच्या मनगटाला. वळले, आणि कोपऱ्यातल्या एका काळ्या, बुटक्या पोरीने माझा घोटा धरला. मी तोंडावर पडले. चिखलातून सरपटत हात लांब केला, दम तुटू दिला नाही, कबड्डी कबड्डी कबड्डी, आणि मधली रेघ मला डोळ्यांसमोर दिसत होती, चुन्याची ढेकळंसुद्धा दिसत होती. दम संपला. शिट्टी वाजली. माझी बोटं आणि रेघ यांच्यात चार बोटांची जागा राहिली होती. आम्ही हरलो. परतीच्या गाडीत बेबी एवढंच म्हणाली, "चार बोटं, कुसुम," आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

घरी आले तर खोलीत सगळी मंडळी जमलेली. बाबा खड्ड्यात, माग चालू, रेडिओ कोनाड्यात. मी दारात उभी, कोपरापासून मनगटापर्यंत सोललेली, परकराला वाळलेला चिखल. बाबांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला. "श्शऽऽ! थांब. आखरीचा गडी हाये." मी थांबले. तो गडी पाऊण तास टिकला, आणि पाऊण तास मी दारात उभी होते. आत जायला त्यांच्या मधून जावं लागलं असतं. मग सगळे ओरडले, टेलरने देवाजी काकांना मिठी मारली, आणि बाबा घामाघूम चेहऱ्याने माझ्याकडे वळून म्हणाले, "तू असाले पायजे होती, कुसुम! काय खेळला तो!" जेवताना त्यांनी तो सगळा खेळ मला पहिल्यापासून सांगितला, कारण माझा ऐकायचा राहिला होता. आसगाव हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नाही. त्यांना आठवलंच नाही, की आठवून लाज वाटली, हे मला आजही माहीत नाही. मला वाटतं आठवलंच नाही. लाज वाटायला आधी आठवावं लागतं.

आईने चुलीपाशी माझ्या कोपरावर हळद दाबली. "हारली?"

"हारली."

"हं," ती म्हणाली. "ज्यानं हारली का जितली पुसाचं त्यानं तं पुसलं नाई." आणि तिने माझ्या भातावर दुसऱ्यांदा वरण ओतलं.

पाडव्याला बैठक बसली. त्या साली माल भरपूर होता, लुगडी अर्ध्या खोलीत पसरली होती. तो शेवटचा गडी पहिल्या नंबरावर जाणार, यात वाद नव्हता. पट्टाही तीन बोटं रुंद पडला होता. बाबा त्यावर हात फिरवत होते, तसा माझ्या डोक्यावर त्यांनी कधी फिरवलेला मला आठवत नाही. त्या हाताकडे बघता बघता माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी चरख्यावरून उठून म्हटलं, "येक क्षण माहा बी हाये. आसगावचा."

आधी कोणाला समजलं नाही. मग टेलर हसला. "पोट्टीच्या खेळाचं कायले? हे मोठ्या खेळाचं हाये, बाई."

देवाजी काका जरा मवाळ होते. "ते आपुन पायलं नाई ना, बेटा. जे पायलं नाई ते यादीत कसं घ्याचं?"

"तुमी काय पायलं?" मी म्हटलं. "हा आखरीचा गडी पायला? तो काळा हाये का गोरा, मालूम हाये? तुमी सालभर येक तरी चेंडू पायला का? येका मानसानं सांगितलं अन् तुमी आयकलं. तं मी बी सांगतो. आयका."

आमच्या भागात मुलीही सांगतो, जातो असंच बोलतात. पण मोठ्या माणसांना असं तोंडावर मुली बोलत नसत, मुलंही नसत. मला वाटलं बाबा उठून एक ठेवून देतील. ते उठले खरे, पण मागाकडे गेले. मागावर अर्धवट लुगडं होतं, फणीला पूजेची झेंडूची फुलं लावलेली. ती त्यांनी काढून कोनाड्यात ठेवली आणि खड्ड्यात उतरले.

दारात वड्यांचं ताट घेऊन आई उभी होती. "आज पाडवा व्हय," ती म्हणाली. "माग चालवत नाई."

"पट्टा पडते का पाहा लागन ना," बाबा म्हणाले. आणि मला, "सांग."

मी सांगितलं. रेडिओवरच्या माणसाच्याच चालीत, तीच तर एक चाल मला येत होती. मैदान ओलं, रेघ नवी मारलेली, बांधावर माणसं. आम्ही एका गुणाने मागे. खट् खट् धप्. खांद्याला हात लागला. मनगटाला हात लागला. धप्. टेलर पुढे सरकला. घोटा धरला, पडली, पडली, दम चालू आहे. धप्, धप्. बाबांचा हात जड होत चालला होता, मला कानांनी कळत होतं. जन्मभर तो आवाज ऐकला होता. रेघ समोर आहे. एक हात लांब. आणि बाबांनी धोटा तसाच धरून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तोंड अर्धं उघडं, डोळे मोठे, श्वास धरलेला. माझ्या आयुष्यात ते पहिल्यांदाच माझ्याकडे असे बघत होते, जसे रोज रेडिओकडे बघत. मी आईकडे पाहिलं. तिने ताट खाली ठेवलं नाही, मानही हलवली नाही. मी म्हटलं, "अन् हात रेघेले लागला!"

धप् असा बसला की कोनाड्यातला झेंडू खाली पडला. सगळे ओरडले. देवाजी काकांनी मला उचललं. पट्टा चार बोटं रुंद पडला, शेवटच्या गड्यापेक्षाही रुंद, आणि आसगावची चढाई त्या साली पहिल्या नंबरावर गेली. कापड खोटं बोलत नाही. आईने ताट मध्ये आणून ठेवलं आणि म्हणाली, "वडे थंडे होऊन राहिले." त्यानंतर ती त्या विषयावर कधी बोलली नाही.

बाबा मात्र वर्षभर बोलले. सेठला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, बसस्थानकावर अनोळखी माणसांना सांगितलं. दोघींच्या तीन झाल्या, तिघींच्या चार. घोटा एकीने धरला होता तो दोघींनी धरला. मी समोर असले की माझ्याकडे बोट दाखवून सांगत, आणि मी मान खाली घाली. लोकांना वाटे पोरगी विनयी आहे. मला त्यांचा संताप येत होता आणि माझी किळस, आणि तरीही, हे मी कबूल करते, ते सांगत असले की मी तिथून हलत नसे.

पुढच्या साली पुन्हा आम्ही अंतिम सामन्यात, पुन्हा आसगावच्या मुली, सामना कोंढ्याला. यावेळी बाबा आले. सायकलवर, बरोबर देवाजी काका आणि टेलर आपापल्या सायकलवर, धुतलेलं धोतर नेसून. त्या दिवशी क्रिकेटचा सामना कुठेच नव्हता, हेही लिहून ठेवते. तिघं बांधावर उकिडवे बसले आणि सामनाभर एकमेकांना विचारत राहिले, "आता काय झालं?" सांगणारं कोणी नव्हतं. टाळ्या उशिरा वाजवत, एकदा तर माझी पकड झाली तेव्हा वाजवल्या. शेवटच्या चढाईला आम्ही पुन्हा एका गुणाने मागे. मी गेले, दोघींना हात लावला, वळले, आणि त्याच बुटक्या पोरीने तोच घोटा धरला. वर्षभर मी त्याच चार बोटांसाठी आळीतल्या मातीत सरपटले होते. यावेळी हात रेघेच्या पलीकडे वीतभर गेला. शिट्टी. बेबीने मला खांद्यावर घेतलं, आणि वरून मी बांधाकडे पाहिलं. बाबा उभे होते आणि माझ्याकडेच बघत होते. सगळं त्यांनी पाहिलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी.

परत येताना मी त्यांच्या सायकलवर मागे बसले. कोंढा सोडलं, दोन्ही बाजूंना धान, चाकाखाली चिखल. मी वाट बघत होते. मला वाटत होतं की ते बोलले की मी मागच्या वर्षीचं खरं सांगून टाकीन. आता सांगायला हरकत नव्हती, आता ते खरं झालं होतं. पेडल मारता मारता बाबा म्हणाले, "चांगली खेळली, बाई."

"हो."

"पन आसगावची गोष्ट काई और होती. ते तं काय खेळली होती तू! आज तसं नाई जमलं."

सायकल चालत राहिली. पुढच्या सायकलवरून देवाजी काकांनी मान मागे वळवून दुजोरा दिला, "हो, तसं नाई."

त्या दिवाळीला बैठक बसली, लुगडी पसरली, वडे आले. मी चरख्यावर होते. कोंढ्याचं नाव कोणी काढलं नाही, मीही काढलं नाही. कापडात पट्टा नव्हता. त्या दिवशी बाबा मागावर नव्हते, माझा खेळ पाहायला आले होते.